नंबर दुसरा, काम तेच

दुरुस्तीच्या दुकानात बसणाऱ्याला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते पिशवीत घालून, रुमालात बांधून, कधी मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून आपणहून येतात. वस्तू दुरुस्त होऊन घरी जाते, किस्सा आमच्याकडेच राहतो. आता इतके साचलेत, की दुपारचा चहा आला आणि कुणी नुसतं "तो कोंबड्यावाला आठवते का?" म्हटलं, की गिऱ्हाईक बाहेर ताटकळतं आणि आम्ही आत बोलत बसतो.

दुकान कारंज्याला, बाजाराच्या रस्त्यावर. सासऱ्यांनी काढलेलं. माझं माहेर रिसोडचं. तिकडेच आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, आणि लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी मला स्वयंपाकघराच्या आधी दुकान दाखवलं. आता ते नाहीत. मी आणि त्यांचे जुने जोडीदार सलीमचाचा, असे दोघं बसतो. रस्त्यापलीकडे शांतीलालकाकांचं सुट्या भागांचं दुकान. काही लागलं की मी दारातूनच हाक मारते, आणि काका ड्रॉवर उघडत उघडत विचारतात, "कोनता नंबर?"

आमचे निम्मे किस्से त्या नंबराचेच. ट्रान्झिस्टर म्हटलं की लोकांना रेडिओ आठवतो. मी बोलतेय ते त्या रेडिओच्या, आणि जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या पोटातल्या, हरभऱ्याएवढ्या काळ्या तुकड्याबद्दल. त्याला तीन पाय असतात आणि अंगावर एक नंबर. तो जळला की यंत्र बंद. त्याच नंबराचा दुसरा मिळाला तर काम सोपं. पण कधी तो नंबर बनणंच थांबलेलं असतं, कधी बनवणाऱ्याने मुद्दाम खरवडून टाकलेला असतो. मग त्याच्या जागी चालेल असा दुसरा शोधायचा. त्याची ताकद वेगळी, पायांचा क्रम वेगळा. चुकला तर कधी नुसता धूर निघतो, कधी त्याहून वाईट.

* * *

कापसाच्या दलालीतले एक वयस्कर शेटजी होते. त्यांचा लहानसा रेडिओ आमच्याकडे आला. आतला ट्रान्झिस्टर इतका जुना, की तो नंबर काकांनी फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलेला. सलीमचाचांनी दुसरा बसवला आणि रेडिओ आधीपेक्षा स्वच्छ बोलायला लागला. पण शेटजींना कुठूनतरी कळलं की आत बदली माल आहे. ते काउंटरवर हात ठेवून उभे राहिले. मले ओरिजिनलच पायजे, नाही तं रेडिओ तुमच्याकडंच ठेवा, म्हणाले. आवाज चढत गेला. रस्त्यावरची माणसं थांबून पाहायला लागली.

चाचा शांतपणे चष्मा पुसत होते. त्यांनी विचारलं, "शेटजी, तुमचं दुकान आजकाल कोन पाहते?"

"जावई पाहते. काहून?"

"अन् पोरगं?"

"थो बंगलोरले हाये."

"जावयाचं आडनाव कोनतं?"

शेटजींनी काउंटरवरचा हात काढला. मग रेडिओ उचलून, कानाशी लावून, तसेच चालत निघून गेले.

* * *

आता तो कोंबड्यावाला. गजानन त्याचं नाव. गावाबाहेर त्याची भाजीची बाग, आणि जोडीला गावरान पिल्लांचा धंदा. अंडी उबवायची पेटी त्यानं घरीच बांधलेली, पण आतली ऊब सांभाळणारं छोटं यंत्र विकतचं होतं. पेटी गार झाली की ते बल्ब लावतं, गरम झाली की विझवतं. बल्ब लावायचं काम आत एक रिले करते, म्हणजे 'टक' आवाज करून उघडझाप करणारं बटण. आणि त्या रिलेला हलवणारा एक ट्रान्झिस्टर.

थंडीचे दिवस होते. गजानन सकाळी ते यंत्र जेवणाच्या डब्यात घालून घेऊन आला. बल्ब लागत नव्हते. अंडी फुटायच्या बेताला आलेली. घरी बायको अंड्यांवर गोधड्या टाकून, गरम पाण्याच्या बाटल्या बदलत बसली होती आणि सारखा फोन करत होती. तिचा एकच प्रश्न, झालं का?

आम्ही यंत्र उघडलं तर ट्रान्झिस्टरवरचा नंबर खरवडलेला. चाचांनी मीटर लावून पाय ओळखले. मी जुन्या बोर्डावरचा एक काढून दिला, तो बसवला. 'टक' झालं. आमच्या मेजावरचा बल्ब लागला. गजाननानं फोनवर बायकोला सांगितलं, रिले वाजली. तो यंत्र डब्यात घालायला लागला, पण चाचांनी त्याचा हात धरला आणि चहाचा गरम ग्लास यंत्राच्या ऊब मोजणाऱ्या तारेला टेकवला. आता बल्ब विझायला हवा होता. विझला नाही.

मी दिलेला जुना ट्रान्झिस्टर आतून गळत होता. चालू व्हायचा, बंद होत नव्हता. तो तसाच गेला असता तर गारठणारी अंडी दुपारपर्यंत उकडली असती.  तेवढ्यात परत फोन. पलीकडून बाई विचारतेय, रिले वाजली म्हनता, मंग निघाले काहून नाही?

मी रस्ता ओलांडून पळत गेले. काकांनी तीन प्रकारचे नवे दिले. पहिल्याला रिले पेलली नाही, ती नुसती कुरकुरली. दुसऱ्याचे पाय उलट क्रमाचे होते. तो आम्ही तोंड फिरवून बसवला. गरम ग्लास लावला, विझला. ओलं फडकं लावलं, 'टक', लागला. परत ग्लास, परत फडकं. गजानन प्रत्येक 'टक'ला मान हलवत होता. मग डबा काखेत मारून जो सुटला, तो नमस्कारसुद्धा न करता.

बरेच दिवस काही कळलं नाही. आम्ही विचारायला घाबरत होतो. मग एका बाजारच्या दिवशी त्याची बायको स्वतः दुकानात आली. तिला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. म्हणाली, सगळी नाही निघाली, पन लय निघाली. त्यातला एक कोंबडा तिनं विकायचा नाही म्हणून ठेवलाय.

"त्याचं नाव काय ठेवलं?" चाचांनी सहज विचारलं.

"रिले," ती म्हणाली. "दिवसभर तेच तं ऐकून राह्यली होती मी."

* * *

सगळेच असे हसत संपत नाहीत. झटका मशीनचं सांगते.

आमच्याकडे शेतात रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं शिरतात, म्हणून लोक कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावतात. ती तारेत सारखा करंट सोडत नाही. एक झटका, मग थोडं थांबणं, मग पुढचा झटका. त्या थांबण्यातच जनावर मागे सरतं. माणसाचा हात लागला तर त्यालाही हात काढायला तेवढीच सवड मिळते.

भानुदास म्हणून एक जण अशी मशीन घेऊन आला. हरभरा घाट्यांवर आलेला, आणि आदल्या रात्री रोह्यांचा कळप अर्धं वावर तुडवून गेलेला. त्याचे डोळे लाल होते. आतला जाडा ट्रान्झिस्टर उडाला होता आणि तो नंबर काकांकडे नव्हता. काकांनी पुस्तकात बघून त्याच्या जवळचा एक दिला. तो मी बसवला. मशीन चालू झाली. टिक, थांबा, टिक, थांबा. भानुदास म्हणाला, झालं, द्या.

मी म्हटलं, थोडी तापू द्या. त्याला ते आवडलं नाही, पण थांबला. आणि मशीन तापली तशी ती मधली सवड कमी व्हायला लागली. टिक, टिक, टिकटिक. बदली ट्रान्झिस्टर उष्णतेनं पूर्ण बंद होत नव्हता. अजून थोडं तापल्यावर ते झटके एकमेकांना चिकटले असते.

मी मशीन बंद केली आणि सांगितलं, ही अशी देता येणार नाही. अकोल्याहून बरोबर नंबर मागवते, संध्याकाळच्या एसटीनं येईल. भानुदासानं आधी समजावून पाहिलं, मग तो चिडला. माझं वावर तुमी पाहाले जाता का, म्हणाला. रोह्यांले जास्त झटका बसला तं बसू द्या, मले तेच पायजे. मी काही बोलायच्या आत त्यानं मेजावरची मशीन उचलली, बाहेर जाऊन मोटारसायकलवर ठेवली आणि किक मारली.

शांतीलालकाकांना मी इतक्या वर्षांत आवाज चढवताना पाहिलेलं नाही. अंगानं बारीक, चालताना खाली बघून पाय टाकणारे. ते आपल्या दुकानातून उतरले, रस्त्याच्या मधोमध आले आणि त्यांनी भानुदासाच्या गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"काका, सोडा."

काकांनी सोडलं नाही. गाडी चालूच होती. भानुदासानं क्लच दाबून धरलेला. एक क्षण मला वाटलं, हा आता सोडतोय क्लच.

"तुह्या वावरात घाटे तोडाले बाया येतात," काका म्हणाले. "थो माल माह्या दुकानातला हाये. माह्या हातानं दिलेला. मले वापस दे."

गाडी बंद झाली. भानुदासानं पायानं स्टँड पाडलं. मग उतरला, मशीन आणून माझ्या मेजावर ठेवली आणि आमच्या दाराच्या पायरीवर बसला. तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. काकांनी त्याच्यासाठी घरून डबा मागवला. अकोल्याचं पार्सल कंडक्टरनं आणून दिलं तेव्हा त्यानंच ते धावत जाऊन घेतलं.

पुढच्या वर्षी त्याच्या वावरात पाणी द्यायला आलेला माणूस ओल्या पायानं त्या तारेवर पडला. हात भाजला नाही, जीवही वाचला. एक झटका बसला आणि तो मागे फेकला गेला. भानुदासानं हे काकांना येऊन सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरभरा कसा हाये यंदा?"

* * *

बाजारातल्या वजनकाट्याचा किस्सा मला स्वतःला सांगायला आवडतो, कारण त्या दिवशी चाचा जुम्म्याच्या नमाजला गेले होते आणि जावं मला लागलं.

काट्यांची दुरुस्ती परवानाधारक माणसालाच करता येते. आमच्या ओळखीचा देवेंद्र ते काम करतो. त्याचा फोन आला तेव्हा मागे इतका गलका होता की त्याचं बोलणं कळेना. एवढंच समजलं, की आकडे दाखवणाऱ्या पट्टीवरचा एक ट्रान्झिस्टर गेलाय, त्याच्याकडे नाही, आणि ताई, लवकर या.

मी काकांकडून त्याच जातीचे चार प्रकार घेतले आणि स्कूटीवर निघाले. सोयाबीनचे दिवस. एका व्यापाऱ्याच्या ओट्यावर माणसांचा गराडा पडलेला. झालं होतं असं, की काट्यावरचा मधला आकडा दिसणंच बंद झालेलं. पहिला दिसे, शेवटचा दिसे, मध्ये काळं. मुनीम अंदाजानं मधला आकडा सांगत गेला, आणि हे काही पोती झाल्यावर एकाच्या लक्षात आलं. मग काय. काटा मारला, काटा मारला, अशी ओरड. व्यापारी खांबाला टेकून उभा होता. मुनीम कुठे दिसत नव्हता. मागून कळलं, तो पोत्यांच्या थप्पीमागे बसला होता.

देवेंद्रला काटा आत नेऊन उघडायचा होता. लोक नेऊ देत नव्हते. पुढे एक धिप्पाड माणूस होता, मोहनराव, त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा. तो म्हणाला, जे करायचं थे आमच्या डोळ्यासमोर करा. मी गर्दीतून आत शिरले. एक बाई पिशवी घेऊन आलीय म्हटल्यावर थोडी वाट मिळाली, पण आत गेल्यावर ती वाट मागे मिटली.

पोत्यावर काटा उघडला. प्रत्येक आकड्याला उजेड देणारा एकेक ट्रान्झिस्टर असतो. मधला गेलेला. देवेंद्र कथिलाचा डाग द्यायला वाकला. मी ट्रान्झिस्टर चिमट्यात धरला. ऊन डोळ्यांवर, माणसांची सावली कामावर. काही दिसेना. मी वर बघून मोहनरावांना म्हटलं, "दादा, मोबाइलची बत्ती धरा. इथं. हलवू नका."

ते गोंधळले, पण वाकून बसले आणि बत्ती धरली. आणि मग गंमत अशी झाली, की मागून कुणी ढकललं की मोहनरावच ओरडायला लागले, "अबे सरका ना, हात हालून राह्यला."

आणलेल्यातला एक जुळला. मधला आकडा उजळला. पण लोकांचा विश्वास बसेना. देवेंद्रनं शिक्क्याची वजनं ठेवून दाखवली, बरोबर आली. तरी कुजबूज चालूच. मग मोहनराव बत्ती बंद करून उठले आणि स्वतःच काट्यावर चढले.

 आकडे स्थिर झाले. मोहनराव वाकून पाहतात, परत पाहतात.

"हे खोटं हाये," ते म्हणाले. "येवढा मी नाही."

आधी मागचा एक जण हसला, मग सगळाच ओटा. व्यापारीसुद्धा हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आधीची सगळी पोती परत मोजायला लावली लोकांनी. थप्पीमागून मुनीम निघाला तो त्याच वेळी.

* * *

सलीमचाचांना अलीकडे कमी ऐकू येतं. त्यांच्याकडे खिशात ठेवायचं जुनं श्रवणयंत्र आहे, कानापर्यंत वायर जाणारं. मुलं म्हणतात नवीन घ्या, चाचा म्हणतात हे माझ्या हाताखालचं आहे. ते बिघडलं तेव्हा त्यांनी आतला एक ट्रान्झिस्टर बदलला आणि बदली टाकताना जरा ताकदीचा टाकला. परिणाम असा, की चाचांना रस्त्यापलीकडचंही ऐकू यायला लागलं. पहिले दोन दिवस आम्ही खूप हसलो.

तिसऱ्या दिवशी चाचा गप्प झाले. चहा आला, घेतला नाही. मी विचारलं तर काम आहे म्हणाले. रोज काकांकडे चक्कर मारणारा माणूस, तो उंबरा ओलांडेना. काहीही लागलं तर मला पाठवायचे. काका मला विचारायचे, सलीम रागावलाय का? 

शेवटी एका दुपारी चाचांनीच सांगितलं. काका त्यांच्या मुलाशी फोनवर बोलत होते, ते त्यांनी ऐकलं होतं. मुलगा म्हणत असावा, हे सुटे भाग आता कोण घेतं, दुकान रिकामं करा, मोबाइलची कव्हरं ठेवू. आणि काका म्हणाले होते, बरं.

"मग तुम्ही त्यांना विचारत का नाही?"

"कसं इचारू?" चाचा म्हणाले. "त्याचं घरचं बोलनं मी चोरून ऐकलं."

ते खरंच होतं. आमचं काम त्या ड्रॉवरांवर चालतं. ते गेले, तर प्रत्येक वेळी अकोल्याच्या एसटीची वाट बघायची. पण चाचांच्या तोंडावर जे होतं, ते कामाचं नव्हतं. माझे सासरे, काका आणि चाचा एकाच वर्षी या रस्त्यावर आलेले.

दुसऱ्या दिवशी चाचा यंत्र कानातून काढून, ते हातात धरून, रस्ता ओलांडून गेले. मी दारातून बघत होते. त्यांनी ते यंत्र काकांच्या काउंटरवर ठेवलं आणि बोलायला लागले. यंत्र कानात नव्हतं, त्यामुळे काका काय म्हणाले ते चाचांना ऐकू येणं शक्यच नव्हतं. काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी यंत्र उचललं, वायर सोडवली आणि स्वतःच्या हातानं चाचांच्या कानात घातली. मग बोलले.

आता त्या दुकानात पुढे कव्हरं आहेत, रंगीबेरंगी. डावीकडची भिंत मात्र ड्रॉवरांची आहे. मुलगा आला की नाक मुरडतो, पण तिला हात लावत नाही.

* * *

आणि ज्योतीचं.

वंदना सिस्टर इंझोरीकडच्या एका खेड्यात नर्स आहे. तिच्याकडे तिनं स्वतःसाठी घेतलेलं एक हातात मावणारं यंत्र आहे. गरोदर बाईच्या पोटावर टेकवलं की बाळाचे ठोके त्याच्या स्पीकरमधून ऐकू येतात. एक दिवस सकाळी ती ते यंत्र घेऊन आमच्या दुकानात आली. बरोबर ज्योती, विशीबाविशीची, पोट चांगलं वर आलेलं.

सिस्टरनं गावात तपासलं तेव्हा यंत्रातून नुसती खरखर आली होती. ती थांबली नाही. ज्योतीला आणि तिच्या नवऱ्याला जीपमध्ये घालून सरळ कारंज्याला घेऊन आली. सोनोग्राफीचे डॉक्टर एका ऑपरेशनमध्ये होते, थोडं बसा म्हणाले. नवरा तिथं नंबर धरून बसला. दवाखाना आमच्या मागच्याच गल्लीत. सिस्टर म्हणाली, तोवर हे तरी पाहा.

ज्योतीला स्टुलावर बसवून तिनं मला बाजूला घेतलं. "पहिल्या खेपेला असंच झालं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "आवाज नव्हता आला. अन् तवा मशीन चांगली होती."

मी यंत्र उघडलं. स्पीकरला आवाज देणारा ट्रान्झिस्टर तडकला होता. हे असले नव्या तऱ्हेचे, तिळाएवढे. अंगावर तीन अक्षरं, त्यातली दोन पुसलेली. चाचांनी भिंगातून पाहिलं, मी पाहिलं, दोघांना वेगवेगळं दिसलं. काकांनी जुन्या मोबाइलचे बोर्ड आणले, एक फुटकं खेळणं आणलं. त्यातला एकही जुळेना. शेवटी चाचा म्हणाले, मोठाच घे, पायांचा. केसाएवढ्या तारा लावून जोड.

चाचांनी चिमट्यात धरलं, मी डाग दिले. पहिला लावला तर स्पीकर किंचाळायला लागला. ज्योती दचकली. तो काढला. काकांनी दुसरा आणून दिला, जरा कमी जोराचा. तो लावला. आता आवाज सरळ आला, मऊ, पाऊस लांबून ऐकू यावा तसा. झाकण मात्र बसेना, आतला नवा ट्रान्झिस्टर जागेपेक्षा मोठा होता. मी रबर बँड लावलं.

 दोन्ही हात पोटावर ठेवून ज्योती डागाच्या धुराकडे बघत होती.

"इथंच पाहू?" सिस्टरनं तिला विचारलं. तिनं मान डोलावली.

टीव्ही ठेवायच्या बाकावर मी चादर घातली. चाचा आणि काका बाहेर गेले. चाचांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. शेजारी रसवंतीचं यंत्र चालू होतं. काका तिकडे गेले, काहीतरी बोलले, आणि ते थांबलं.

सिस्टरनं पोटावर जेल लावली आणि यंत्र टेकवलं. पावसाचा आवाज. तिनं ते थोडं सरकवलं. परत तेच. आणि मग एकदम, धप्. धप्. धप्. मी ज्योतीचा पाय घट्ट धरला. पण सिस्टरनं नाही अशी मान हलवली. तिची बोटं ज्योतीच्या मनगटावर होती.

"हे तिचं सवताचं हाये," ती म्हणाली.

ज्योतीनं डोळे मिटले. सिस्टर खाली सरकली, मग डावीकडे. पाऊस. नुसता पाऊस. मला एकेक डाग आठवायला लागला, कुठला कच्चा राहिला असेल. पण आईचे ठोके आले होते. म्हणजे कच्चा एकही नव्हता. आता मशीन चांगली होती, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

सिस्टरनं हात उचलला, परत जेल लावली आणि यंत्र अगदी खाली, कुशीजवळ, तिरकं टेकवलं.

आला. लहान, घाईचा, एकामागून एक. सिस्टर घड्याळाकडे बघत राहिली, तिचे ओठ हलत होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आवाज शटरखालून रस्त्यावर जात होता. बाहेर चाचांचे पाय दिसत होते, आणि त्यांच्याशेजारी काकांचे. दोघांचेही हलत नव्हते.

तेवढ्यात धावत कुणीतरी आलं आणि शटरखालून वाकून आत शिरलं. ज्योतीचा नवरा. घामानं भिजलेला, दम लागलेला.

"नंबर आला," तो म्हणाला. "चाल लवकर, डॉक्टर बोलावून राह्यले."

ज्योतीनं डोळे न उघडता हात वर केला, आणि त्याला थांबवलं.